आजीचे तारे, माझे तारे

खुब्याच्या ऑपरेशनमुळे आजी महिनाभर अंथरुणात होती. सुभानपुऱ्यातल्या आमच्या घरी मग रोज रात्री मी तिला मोठ्याने वाचून दाखवायचे. माझी शाळा गुजराती, त्यामुळे मराठी वाचनाचा वेग बैलगाडीचा! बाबा मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीतून पुस्तकं आणायचे. पाचपैकी तारे दोघींनी दिले.

'मंजुघोषा' (१८६८), नारो सदाशिव रिसबूड : प्रस्तावनेत लेखकाचं म्हणणं असं, की आपल्या लग्नाच्या रीतीमुळे रोजच्या आयुष्यात कादंबरीजोगं काही घडतच नाही, म्हणून अद्भुत गोष्टी लिहाव्या लागतात. भाषा जड. माझे २, आजीचे ४. "माझं लग्न मुलगा न बघताच ठरलं. खरं लिहिलंय त्यांनी."

'जादूगार' (१९२८), ना. सी. फडके : भराभर वाचून झाली. माझे ४, आजीचे ३. "लपून वाचायचो तेव्हा जास्त आवडायची."

'वीरधवल', नाथमाधव : खूप अद्भुत, खूप साहस. माझे ४. सिंहगडावरून पडून लेखक कमरेखाली लुळे झाले आणि त्यानंतर लिहू लागले, हे मी सांगितलं. आजी जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "माझे ५. आणि तो वॉकर इकडे आण."

पुढच्या महिन्यात काय वाचू? तुमच्या आजीला विचारून कळवा.