अंड्यातील बलक

विद्यार्थी मित्रांनो, अंडे फोडले की पांढऱ्या, पातळ भागाच्या मध्ये गोल पिवळा बलक दिसतो, हे तुम्हांला ठाऊक आहे. पण कधी कधी एकाच अंड्यातून दोन बलक बाहेर येतात. कधी बलकावर रक्ताचा लाल ठिपका असतो, तर कधी बलक अगदी फिका किंवा नारंगी दिसतो. असे अंडे पाहून माणसे घाबरतात. कोणी म्हणते, हा अपशकुन आहे. कोणी म्हणते, अंडे नासले. खरे काय आहे, ते आपण पाहू.

एक अंडे तयार व्हायला सुमारे २४ ते २६ तास लागतात. प्रथम कोंबडीच्या अंडाशयातून पिकलेला बलक सुटतो. तो अंडनलिकेतून पुढे सरकतो, तेव्हा त्याच्याभोवती पांढरा भाग जमतो. मग पातळ पापुद्रा येतो आणि शेवटी कवच तयार होते. एकट्या कवचालाच जवळजवळ २० तास लागतात.

नुकतीच अंडी घालू लागलेली कोंबडी, म्हणजे तलंग, हिच्या शरीराला या कामाची सवय झालेली नसते. त्यामुळे कधी दोन बलक पाठोपाठ सुटतात आणि एकाच कवचात बंद होतात. असे अंडे आकाराने मोठे असते. ते खायला चांगले असते.

लाल ठिपक्याचे कारणही साधे आहे. बलक सुटताना अंडाशयातील एखादी बारीक रक्तवाहिनी फुटते आणि तिचा थेंब बलकाला चिकटतो. त्यावरून अंड्यात पिल्लू होते, असे समजू नये.

बलकाचा रंग कोंबडीच्या खाण्यावर अवलंबून असतो. आपला भंडारा जिल्हा धानाचा. येथे कोंबड्यांना तांदळाची कणी आणि कोंडा घालतात. त्यात पिवळा रंग देणारे घटक फार थोडे असतात, म्हणून बलक फिका होतो. हिरवा पाला आणि पिवळा मका खाणाऱ्या कोंबडीचा बलक गडद होतो.

आता तुम्ही विचाराल, सर, एवढे जाणून घेऊन काय करायचे? ऐका. आमच्या मोहल्ल्यात एक विधवा खाला राहत. सात-आठ गावठी कोंबड्या पाळून त्या अंडी विकत. त्या पैशांतून मुलीच्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघे. एके दिवशी एका घरी त्यांच्या अंड्यात दोन बलक निघाले, दुसऱ्या घरी रक्ताचा ठिपका दिसला. "खालाच्या कोंबड्यांना काहीतरी झाले आहे," अशी बोलणी पसरली. चार घरांनी अंडी घेणे बंद केले. खाला मला म्हणाल्या, "बेटा, मी कुणाला खराब माल दिला नाही. आता मुलीची शाळा कशी चालवू?"

मी त्या घरी गेलो. पाण्याने भरलेल्या भांड्यात खालांची अंडी सोडली. सगळी तळाशी आडवी बसली. ताजे अंडे असेच बसते. जुने अंडे तरंगू लागते. मग वर सांगितलेली कारणे मी त्यांना समजावली. दोन घरांनी लगेच अंडी घेतली. तिसऱ्या घराला महिना लागला. चौथे घर मात्र पुन्हा आले नाही.

मित्रांनो, अंडे नेहमी आधी वेगळ्या वाटीत फोडावे. घाण वास आला, तर ते फेकून द्यावे. रक्ताचा ठिपका दिसला, तर चमच्याने काढून टाकावा. रक्त आपल्याकडे वर्ज्य आहे. त्यामुळे मन मानत नसेल, तर घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे आणि ते अंडे बाजूला ठेवावे. पण कारण जाणल्याशिवाय विकणाऱ्याला दोष देऊ नये. आपले एक बोलणे सहज तोंडातून निघते. त्याने कुणाच्या तरी घरची चूल बंद पडू शकते.