शूफच्या डोंगरातला वेदान्ती

प्रिय मंगल,

सीरियातल्या स्वेदाच्या बातम्या बघून तू विचारलंस, "हे द्रूझ लोक कोण गं?" फोनवर सांगून संपण्यातलं ते नव्हतं, म्हणून हे पत्र. चहा घेऊन बस.

अकराव्या शतकात इस्माइली पंथातून वेगळी झालेली ही मंडळी. सीरिया, लेबनॉन आणि इस्राएलच्या डोंगराळ भागांत राहतात. धर्मग्रंथ परक्याला दाखवत नाहीत, बाहेरच्या कुणाला धर्मात घेत नाहीत आणि पुनर्जन्म मानतात. पण मला खरं सांगायचंय ते त्यांच्यातल्या एका माणसाबद्दल, लेबनॉनच्या कमाल जुंब्लातबद्दल. हा गृहस्थ माझ्या डोक्यातून जातच नाही.

जन्म 1917 चा, शूफ डोंगरातल्या मुख्तारा गावच्या दगडी वाड्यातला. घराणं मोठं, पण या घराण्याच्या कर्त्या पुरुषांना अंथरुणावरचं मरण क्वचितच. पूर्वज बशीर जुंब्लातला 1825 मध्ये अक्का इथे गळा आवळून मारलं. कमालचे वडील फुआद यांचा 1921 मध्ये खून झाला, तेव्हा पोरगं चार वर्षांचंही नव्हतं. मग आई, नझीरा, हिने जमातीची सूत्रं हाती घेतली आणि फ्रेंच अमलात वर्षानुवर्षं पुरुषांचं राजकारण खमकेपणाने सांभाळलं. तिच्यावर खरं तर वेगळं पत्र लिहायला हवं!

मुलगा पाद्रींच्या शाळेत शिकला, पॅरिसला सोरबोनमध्ये जाऊन आला, वकील झाला. 1943 मध्ये खासदार आणि 1949 मध्ये समाजवादी पक्षाचा संस्थापक. पिढीजात जमीनदार असून आपल्या जमिनीतली काही त्याने शेतकऱ्यांना वाटून टाकली. आणि आता ऐक: 1950 च्या दशकात तो भारतात आला आणि त्रिवेंद्रमच्या आत्मानंद गुरूंचा शिष्य झाला. मांसाहार नाही, योगासनं, ध्यान, वेदान्ताचं वाचन आणि गांधीजींबद्दल अपार आदर. पुनर्जन्म घरातच असल्यामुळे आपलं तत्त्वज्ञान त्याला फार परकं वाटलं नसावं, असा माझा कयास.

हाच माणूस यादवी युद्धात एका सशस्त्र आघाडीचा नेता होता. आता बोल!

त्याची तक्रार खोटी नव्हती. लेबनॉनमध्ये राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिश्चन, पंतप्रधान सुन्नी, सभापती शिया, अशी पदं धर्मावर वाटलेली. संसदेतही तेव्हा दर पाच मुस्लिम जागांमागे सहा ख्रिश्चन. द्रूझांची गणती मुस्लिमांच्या पाचांत. म्हणजे कमालने कितीही कर्तृत्व गाजवलं तरी तो राष्ट्राध्यक्ष होऊ शकत नव्हता. ही पद्धतच मोडा, हे त्याचं म्हणणं. 1975 च्या एप्रिलमध्ये युद्ध पेटलं. डावे पक्ष आणि पॅलेस्टिनी यांच्या जोरावर 1976 च्या वसंतात त्याची बाजू इतकी वरचढ झाली की आता अखेरचा घाव घालायचा, असं त्याने मनाशी ठरवलं. मार्चअखेर दमास्कसला सीरियाचा राष्ट्राध्यक्ष हाफिज अल-असदबरोबर तासन् तास बैठक झाली. असद म्हणाला, थांब. हा थांबेना. जूनमध्ये सीरियाचं सैन्य लेबनॉनमध्ये घुसलं ते कमालच्या आघाडीला रोखायला. त्याच्या थोडं आधी बैरूतमध्ये त्याच्या बहिणीला, लिंडाला, राहत्या घरात मारलं गेलं होतं.

मला विचारशील तर तेव्हा त्याने थांबायला हवं होतं. असदचा हेतू शुद्ध होता असं मुळीच नाही, पण रणांगणात जिंकून शेजाऱ्यांबरोबर राहता येत नाही, एवढं गांधी वाचणाऱ्याला कळायला हवं होतं.

16 मार्च 1977. मुख्तारापासून जवळच, बाकलीनच्या बाजूच्या रस्त्यावर गाडी अडवून त्याला आणि बरोबरच्या दोघांना गोळ्या घातल्या. बोट सीरियाकडे होतं, हे लहान पोरालाही ठाऊक होतं. पण सीरियाचं सैन्य कुणाच्या हाती लागणार? द्रूझांचा राग निघाला तो शूफमधल्या ख्रिश्चन गावकऱ्यांवर. शंभराहून अधिक माणसं मारली गेली, ज्यांचा त्या खुनाशी सुतराम संबंध नव्हता. कमालवर भक्तिभावाने लिहिणारे हे एका ओळीत आटपतात, याचा मला संताप येतो. मॅरोनाइट धर्मगुरू समेटासाठी मुख्तारात आले ते थेट 2001 मध्ये.

गादीवर आला मुलगा वलीद, वय 27. दुखवट्याचे चाळीस दिवस सरल्यावर तो दमास्कसला जाऊन त्याच असदला भेटला. पुढे कितीतरी वर्षं असदांच्या राजवटीशी जुळवून घेतलं, 2005 मध्ये उघड उलटला, मग पुन्हा नमला. लोक त्याला सरडा म्हणतात. मी नाही म्हणणार. जमात लहान, शेजारी बलदंड. आणि न वाकणाऱ्या बापाचं काय झालं ते त्याने पाहिलं होतं.

2024 च्या डिसेंबरात असदांची राजवट कोसळली. काही दिवसांतच वलीद दमास्कसला नव्या सत्ताधाऱ्यांना भेटून आला. पुढच्या मार्चमध्ये तिथल्या सरकारने इब्राहिम हुवैजा नावाच्या जुन्या गुप्तचर अधिकाऱ्याला पकडलं. कमालच्या खुनाचा आरोप त्याच्यावर आहे. त्यानंतरच्या पुण्यतिथीला वलीदने जाहीर केलं की दरवर्षीचा हा स्मरणाचा कार्यक्रम आता बंद. इतिहासाने उशिरा का होईना न्याय केला, असं त्याचं म्हणणं.

मला ते पटलेलं नाही. एका म्हाताऱ्या अधिकाऱ्याला पकडून बापाचा हिशेब मिटेलही, पण त्या गावकऱ्यांचा? तू नेहमीप्रमाणे वलीदची बाजू घेऊन भांडशील, ठाऊक आहे. भांड, पण फोनवर नको. लिहून पाठव.

तुझी,
शैला