घराण्याची साखर

सातारा, रविवार

चि. निखिल,


तुझा रिपोर्ट तुझ्या आईने मला दाखवला. रक्तातल्या साखरेचा एचबीएवनसी ६.१. खाली तुझा शेरा : ‘आपल्या घराण्यातच आहे, काय करणार!’ घराण्यात साखर आहे हे खरंच. आजोबांना होती, तुझ्या बाबांना आहे, मी स्वतः रोज गोळी घेते. पण ते ‘काय करणार’ मला खटकलं. जन्मभर विज्ञान शिकवलेल्या बाईला खटकणारच.

तू राहतोस त्या फिनिक्सच्या दक्षिणेला, हीला नदीकाठी, पिमा लोकांची वस्ती आहे. एकोणिसाव्या शतकात गोऱ्यांनी वरच्या अंगाला नदीचं पाणी वळवलं, यांची शेती सुकली आणि पुढे सरकारी शिध्यातला मैदा, साखर, चरबी पोटात जाऊ लागली. त्यांचेच भाऊबंद सीमेपलीकडे मेक्सिकोच्या डोंगरात अजून शेतात राबत होते. २००६ साली दोघांची तुलना छापून आली. मधुमेह अमेरिकेतल्या पिमांत ३८ टक्के, मेक्सिकोतल्यांत जेमतेम ७. म्हणजे कूळ एकच, तरी एवढी तफावत. आणि जनुकांचं म्हणशील, तर या आजाराशी जोडलेल्या नेहमीच्या जनुकांतलं सगळ्यात वजनदार टीसीएफ७एल२. त्याची धोक्याची एक प्रत जोखीम वाढवते सुमारे १.४ पट.

‘पण मी कुठे जाड आहे?’ असं तू विचारणारच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघंही शिडशिडीत, दोघांचाही बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२! तुझ्या तीस इंची पँटवर म्हणूनच माझा भरवसा नाही.

याज्ञिकांच्या चमूने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांची बाळं मोजली. बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्यांपेक्षा पाऊण किलोहून अधिक हलकी. दंड-पोट बारीक, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकलेली. पुढे असंही दिसलं, की आईच्या रक्तात बी१२ कमी आणि फोलेट जास्त असेल, तर सहाव्या वर्षीच मुलांच्या शरीरात इन्सुलिनला दाद कमी मिळते.

हे वाचलं आणि मला आमची आई आठवली. सगळ्यांची पानं उठल्यावर भाकरीचा उरला तुकडा आणि पातेल्याच्या तळाचं कालवण, हे तिचं जेवण. तुझे बाबा पोटात असतानाही विहिरीवरून दोन दोन घागरी आणायची. तिचं वजन कधी कुणी केलंच नाही. आजोबांचं नाक बाबांनी घेतलं हे सगळे सांगतात. आईच्या त्या उपाशीपणातलं त्यांच्याकडे काय आलं, ते कुणी विचारत नाही. घराणं म्हणतोस ना, त्यात हेही धर.

रात्री अकराला जेवणं बंद कर, चालायला लाग. बाकी तुझा डॉक्टर सांगेलच. मला घाई वेगळ्याच गोष्टीची आहे. तुझ्या श्रुतीला पाचवा महिना लागला. ती अंडंसुद्धा खात नाही. तिचं बी१२ तपासलंय का, ते आधी कळव.

तुझी,
आत्या