दुसऱ्यांच्या नावांची भांडी

दिवाळीसाठी पितळेची भांडी घासायला काढली, की मला चैत्र आठवतो. कारण ही सारी भांडी चैत्रगौरीच्या आराशीसाठी जमवलेली. आणि त्यांतल्या एकाही भांड्यावर आमचे नाव नाही.

हळदीकुंकवाला आलेली एखादी चौकस बाई मोगऱ्याने भरलेले फुलपात्र उचलते, त्यावरची ठिपक्याठिपक्यांची अक्षरे वाचते आणि विचारते, "'मामांकडून, १९५८'. हे मामा कोण हो?"

"कुणास ठाऊक!" मी म्हणते. "आम्ही मामांना तीनशे रुपयांना घरी आणलं."

बायका हसतात, मीही हसते.

आमची आरास तशी साधी. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते आणि अक्षय तृतीयेपर्यंत राहते. त्या महिन्यातला एक शुक्रवार आमचा. पायऱ्या रचायला सातारच्या फ्लॅटमध्ये जागा कुठली? जेवणाचेच टेबल भिंतीला लावायचे, त्यावर दोन पाट, वर सासूबाईंचे विरलेले जरीकाठी लुगडे. मधोमध गौर. पुढे कमळासारखे कापलेले कलिंगड, सावंतवाडीची लाकडी फळे, रंग उडालेली एक ठकी. भिजवलेले हरभरे जुन्या चिपट्यात. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली हा हिशेब आता माझ्या वर्गातल्या मुलांना टीप देऊन सांगावा लागतो. १९५६ च्या कायद्याने किलो-लिटर आले आणि या मापांची बाजारातली नोकरी सुटली. आमच्याकडे एका दिवसापुरती ती पुन्हा कामावर रुजू होतात. आंब्याची डाळ नि पन्हे मात्र स्टीलमध्येच. कल्हई नसलेल्या पितळेत आंबट कळकते, हे आईने लहानपणीच कानाला धरून शिकवले आहे.

ही सारी चीजवस्तू आमच्या पेठेतल्या एका मोडीच्या दुकानातली. तिथे भांडी किलोवर विकली जातात, किलोवर घेतली जातात. पोचा आलेला तांब्या, कान तुटलेली परात, समईचा नुसता बुंधा. सारे एकाच ढिगात. दुकानदाराला आता माझी सवय झाली आहे. मी प्रत्येक ताट उलटे करून पाहते, ते तो मुकाट्याने पाहतो. मी काय शोधते, हे त्याने कधी विचारले नाही. विचारले असते तर सांगणे जड गेले असते.

माझे माहेर सांगलीचे, गावभागातले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेली. तिथे ४५ फूट ही धोक्याची पातळी. आईला वेळेवर विश्रामबागेत मावशीकडे हलवले होते. तिने पिशवीत देवांचा डबा तेवढा घेतला होता. पाणी ओसरल्यावर मी सातारहून गेले. खालच्या खोलीत घोटाघोटापर्यंत गाळ, आणि त्या गाळात आईची भांड्यांची पेटी पालथी. चार दिवस मी आणि भाऊ फावड्याने चिखल ओढत होतो. पाचव्या दिवशी दारावर मोडवाला आला. वासाने डोके उठले होते, हात सोलवटले होते. मी भाऊलाही न विचारता सगळी पेटी तराजूत घातली. पैसे मोजून घेतले तेव्हा सुटल्यासारखे वाटले.

आई परतली. घरभर हिंडली. बोलली काहीच नाही. संध्याकाळी एवढेच विचारले, "गौरीचं ताट?"

मी खाली पाहिले. तिने पुन्हा तो विषय काढला नाही.

पुढच्या वर्षी गुढीपाडवा २५ मार्चला आला आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. त्या चैत्रात गौर दोन्ही घरी एकटीच झुलली. दुकाने उघडल्यावर मी पहिल्यांदा त्या मोडीच्या दुकानात शिरले. सांगलीचे ताट सातारला कसे येईल, हे मला कळत होते. तरी शिरले. ताट मिळाले नाही, मामा मिळाले. मग मापे आली, समई आली.

यंदा चैत्रात आई आली. आदल्या दिवशी तिने पदर खोचला नि चिंच घेऊन भांडी घासायला बसली. मी चोरासारखी शेजारी. एकेक नाव ती बोटाने चाचपून वाचत होती. मला राहवेना.

"आई, लोकांच्या नावांची भांडी गौरीपुढे मांडते, तुला चालतं ना?"

"न चालायला काय झालं? तू विकलंस त्या मोठ्या पातेल्यावर तरी कुठं आपलं नाव होतं? शेजारच्या काकू मुंबईला बिऱ्हाड हलवताना आजीला देऊन गेल्या, पंधरा रुपयांत. अगं, भांड्यावर नाव देणाऱ्याचं असतं. जन्मभर घासणारीचं कोण घालतंय?"

मी मराठी शिकवते. पण यावर बोलायला मला शब्द सुचला नाही. आईने फुलपात्रावर पाणी ओतले, उजेडात धरून पाहिले, आणि मान वर न करता म्हणाली, "ते ताट मात्र विकायला नको होतंस तू. आईनं दिलं होतं मला."

इतक्या वर्षांनी आई रागावली. मला रडू आले, आणि बरेही वाटले. न बोललेला राग मी तिच्याइतकीच जपून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी ओट्या भरून झाल्या, बायका गेल्या. आई टेबलापुढे उभी राहून कलिंगडाखालच्या स्टीलच्या थाळीकडे पाहत होती.

"त्या दुकानात गेलीस, की एखादं पितळेचं ताट बघ," ती म्हणाली. "नाव कुणाचंही असू दे. काठ तेवढा सरळ असावा."