घाटाची उसनवारी

पाचगणी तुम्ही सहलीत पाहिली असेल. टेबललँड, घोडे, स्ट्रॉबेरी, सगळं ठाऊक असेल. पण पसरणीचा घाट? तो लागला की एसटीतले अर्धे जण डोळे मिटून लिंबू हुंगत बसतात! म्हणून आज तुम्हाला पुढच्या सीटवर बसवून त्याच घाटातून नेतो. मी राहतो वाईत आणि शिकवतो पाचगणीच्या एका शाळेत. म्हणजे सुमारे बारा किलोमीटरांचा हा रस्ता रोज सकाळी चढायचा आणि दुपारी उतरायचा. गेली दोन वर्षे हे काम माझी हायब्रिड मोटार करते आहे.

ती आणली त्या दिवशी शेजारच्या काकांनी विचारलं, "हायब्रिड? म्हणजे ज्वारी असते तशी?"

काका शेतकरी. त्यांचं काही चुकलं नव्हतं! दोन वाणांच्या संकरातून हायब्रिड ज्वारी, तशी पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर यांची ही संकरित गाडी. आळीतल्या बाकीच्यांचा प्रश्न एकच, "चार्जिंगला कुठे लावता?" कुठेच नाही. माझ्या गाडीला प्लगच नाही. थोडी वीज इंजिन चालताना तयार होते, थोडी ब्रेक लावताना. ब्रेक दाबला की विजेची मोटर उलटं काम करू लागते आणि तिचं जनित्र होतं. पूर्वी सायकलला डायनामो लावला की पायडल जड व्हायचं, आई-बाबांना विचारा. तेच तत्त्व.

ही कल्पना काल-परवाची नाही, बरं का. फर्डिनांड पोर्श या तरुण इंजिनिअरने 1900 च्या सुमारास अशी गाडी बनवली होती. पण कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर पडलेली पहिली हायब्रिड म्हणजे टोयोटाची प्रियस. ती जपानमध्ये डिसेंबर 1997 मध्ये विक्रीला आली.

चला, निघू या. ढोल्या गणपतीला हात जोडून गणपती आळीतून बाहेर पडताना गाडी नुसत्या विजेवर चालते. इंजिन झोपलेलं. कृष्णेच्या घाटावर कपडे आपटल्याचा आवाज आत ऐकू येतो, इतकी शांतता! पण चढ सुरू झाला की दोन-तीन वळणांतच बॅटरी उतरू लागते. मग इंजिन जागं होतं आणि असं गुरगुरतं की पाहुण्यांना वाटतं, काहीतरी बिघडलं. चढावर माझी गाडी लिटरमागे चौदा-पंधरा किलोमीटरच जाते. 'हायब्रिड म्हणजे पेट्रोल लागतच नाही' असं कुणी म्हणालं, तर त्याला सकाळी सात वाजता माझ्याकडे पाठवा.

खरी गंमत दुपारी. वर पोचलं की वळणावर क्षणभर थांबतो. खाली धोमच्या धरणाचं पाणी चमकत असतं, शेजारी वाईची कौलं. आता हिशेब करा. वाईपेक्षा पाचगणी साडेपाचशे मीटरांहून थोडी जास्तच उंच आहे. माणसांसकट गाडीचं वस्तुमान 1,500 किलो धरा. स्थितिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले 9.8 गुणिले उंची. उंची 550 मीटर घेतली तर उत्तर येतं सुमारे 80 लाख ज्यूल. एक युनिट वीज म्हणजे 36 लाख ज्यूल. म्हणजे सव्वादोन युनिटांएवढी ऊर्जा सकाळी घाटाने आपल्याकडून उसनी घेतली! टायर आणि वारा त्यातली थोडी खातात, उरलेली उतरताना परत मिळायला हवी.

मिळते का? नाही ना! माझ्या गाडीच्या बॅटरीत पुरती एक युनिटही वीज मावत नाही. घाट निम्मा उतरण्याआधीच ती गच्च भरते. वाटी लहान आणि उसनं परत करणारा पातेलं घेऊन दारात! मग गाडी एक युक्ती करते. पेट्रोल न घालता इंजिन नुसतं गरगर फिरवते, म्हणजे उतारावर तेच ब्रेकचं काम करतं. आवाज चढावर यावा तसा मोठा, पेट्रोल मात्र शून्य. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी घाबरून गाडी कडेला घेतली होती. येण्याजाण्याचा मिळून हिशेब लिटरला पंचवीस किलोमीटरांच्या आसपास बसतो.

आणि आता एक कबुली. मागच्या पावसाळ्यात घाट उतरून भरल्या बॅटरीने, अगदी निःशब्द, मी आळीत शिरलो. समोर एक आजी ओल्या कपड्यांची बादली घेऊन चाललेल्या. अशा गाड्या हळू चालताना लोकांना कळावं म्हणून मंद गुणगुणतात. युरोपात 2021 पासून प्रत्येक नव्या विजेच्या आणि हायब्रिड गाडीला तशी सक्तीच आहे. माझीही गुणगुणत होती. पण पागोळ्यांच्या आवाजात ते आजींना कुठलं ऐकू यायला? त्या अचानक वळल्या. मी ब्रेकवर उभाच राहिलो. बंपर आणि बादली यांत वीतभर अंतर उरलं.

माझे हात थरथरत होते. आजींनी बादली खाली ठेवली आणि म्हणाल्या, "अरे बाबा, गाडी काय चोरून आणतोस?"

हॉर्न वाजवावा, तर दचकून त्या पडायच्या. म्हणून आता त्या वळणावर मी गाडी थांबवल्यासारखी हळू करतो, काच खाली घेतो आणि मोठ्यांदा ओरडतो, "आजी, मी आलो हो!"

"ये, ये. ऐकलं," आतून उत्तर येतं. कधी कधी आजी घरात पोळ्या करत असतात, तरीसुद्धा.