ओमानच्या डोंगरातील पाण्याची खातेवही

आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबांची मुले-सुना आज आखाती देशांत नोकरी-व्यवसायानिमित्त स्थायिक आहेत. त्यांना भेटावयास जाणारे आई-वडील बहुधा मॉल, समुद्रकिनारा आणि भव्य मशीद पाहून परततात. गेल्या जानेवारीत मस्कतला मुलाकडे मुक्काम असताना आम्ही उभयतांनी वेगळी वाट धरली. मार्गदर्शकासह दोन दिवस व एक रात्र अशी डोंगराकडील सहल केली. अल हजर हे त्या पर्वतरांगेचे नाव. अरबीत त्याचा अर्थ दगड. गवताची काडीही दिसू नये असे ते तपकिरी डोंगर पाहून सौ.ने विचारले, "इथे माणसे राहतात तरी कशाच्या बळावर?" या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास संध्याकाळ उजाडावी लागली.

मस्कतपासून निझवा सुमारे 160 किलोमीटर. शुक्रवारी तेथे बकऱ्यांचा मोठा बाजार भरतो आणि सहलीतील इतर मंडळींचे तेच आकर्षण होते. आम्ही दोघे तिकडे फिरकलो नाही, थेट खजुराच्या आणि चांदीच्या पेठेत गेलो. एका दुकानात जुन्या नाण्यांची परडी होती. त्यात ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा राणीचे चांदीचे थेलर होते. हे नाणे कधीही पाडलेले असो, त्यावर साल 1780 हेच असते. ओमानच्या अंतर्भागात ते विसाव्या शतकातही चालत असे. त्याच परडीत आपले रुपयेही होते. आखातात भारतीय रुपया हेच चलन होते. सोन्याच्या चोरट्या व्यापारामुळे रिझर्व्ह बँकेने 1959 मध्ये आखातासाठी निराळ्या रंगाच्या नोटा काढल्या आणि ओमानमध्ये त्या 1970 पर्यंत चालल्या. बँकेत आयुष्य घालविलेल्या माणसाला त्या परडीपुढून उठविणे मार्गदर्शकास जड गेले.

निझव्याचा किल्ला सतराव्या शतकातील, इमाम सुलतान बिन सैफ याने बांधलेला. त्याचा प्रचंड गोल बुरूज बांधावयास बारा वर्षे लागली म्हणतात. खजुराचे कोठार मला फार आवडले. जमिनीवर पन्हळी काढलेल्या. त्यांवर खजुराची पोती एकावर एक रचायची, म्हणजे वरच्या भाराने पाक गळून पन्हळींतून खालच्या रांजणात येतो. वेढा पडला तरी अन्न टिकावे, ही योजना. पुढे बुरुजाच्या जिन्यात प्रत्येक दारावर भोके दिसली. शत्रू आला की हाच पाक उकळून वरून ओतायचा! मार्गदर्शकाने हे मोठ्या उत्साहाने सांगितले. सौ. मात्र तिथून पटकन पुढे गेली.

याच इमामाने 1650 मध्ये पोर्तुगीजांकडून मस्कत घेतले आणि त्या विजयात एका हिंदू वाण्याचा हात होता, अशी कथा एकोणिसाव्या शतकातील ओमानी इतिहासकार इब्न रुझैक याने नोंदविली आहे. नरोत्तम हा पोर्तुगीजांच्या गढीस रसद पुरविणारा व्यापारी. सेनाधिकाऱ्याने त्याच्या मुलीस मागणी घातली. नरोत्तमाने नकार न देता मुदत मागितली आणि दरम्यान, गढीतील पाणी शिळे, गहू जुना, दारू दमट, सर्व बदलले पाहिजे, असे सांगून साठा बाहेर काढला. नवा भरलाच नाही. मग इमामाला निरोप धाडला. इमामाने त्याला जिझिया माफ केला. बखरकाराचे मीठमसाले वजा केले तरी माझ्यासारख्याला एक गोष्ट खटकतेच: गढीतील एकाही अधिकाऱ्याने कोठार उघडून मालाची तपासणी केली नाही. आमच्या खात्यात अशा शाखाधिकाऱ्याची दुसऱ्याच दिवशी चौकशी लागली असती.

दुपारी बहला. मातीच्या विटांचा हा विशाल किल्ला 1987 मध्ये जागतिक वारसा यादीत आला आणि दुसऱ्याच वर्षी धोक्यातील वारशांत गेला. पावसाने भिंती विरघळत होत्याच, शिवाय आरंभीच्या दुरुस्तीत वापरलेले आधुनिक साहित्य मातीला मानवले नाही. मातीला मातीच हवी, हे पटल्यावर पुन्हा जुन्या पद्धतीने काम झाले आणि 2004 मध्ये तो त्या यादीतून बाहेर आला. अल हमरा गावी तीन-तीन मजली मातीची घरे ओळीने ओस पडली आहेत. 1970 नंतर रस्ते आले, वीज आली, लोक सपाटीवरील सिमेंटच्या घरांत गेले. खजुरीच्या खोडांची तुळवटे खचली की छत खाली येते आणि मग भिंतींना कोणी वाली राहत नाही. त्या गल्लीतून चालताना मी फारसे बोललो नाही. आमच्या गावच्या वाड्याच्या संमतिपत्राची प्रत माझ्या पिशवीत होती.

मुक्काम मिस्फात अल अब्रिय्यीन या गावी. डोंगराच्या कड्यावर दगडी घरे आणि खाली पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेल्या खजुरीच्या बागा. आम्ही सूर्यास्तापूर्वी जेवतो आणि कंदमूळ घेत नाही, हे मार्गदर्शकाने आधीच कळविले होते. यजमान वृद्धाला त्याचे मुळीच नवल वाटले नाही. रमजानात आम्हीही सूर्याकडे पाहूनच जेवतो, फक्त तुम्ही थांबता तेव्हा आम्ही सुरू करतो, असे तो मोडक्या हिंदीत म्हणाला आणि मोठ्याने हसला. पाच वाजता भात, मसूर व काकडी वाढून झाली. वेलदोड्याचा कहवा मात्र आम्हाला दुसऱ्या दिवशी सकाळीच मिळाला.

जेवणानंतर उजेड होता तोवर त्याने फलज दाखविला. डोंगरातील पाणी उताराने गावात आणणारा हा पाट. ओमानात असे सुमारे तीन हजार पाट आजही वाहतात. त्यांतील पाच 2006 मध्ये जागतिक वारसा झाले. गावाच्या माथ्यावर प्रथम पिण्याचे पाणी घेण्याची जागा, तिच्या खाली स्नानाची व धुण्याची, मग खजुरी आणि उरले तर हंगामी पिके. पाणी गाळून, मोजून वापरण्याचे संस्कार असलेल्या आपल्या लोकांना हा क्रम समजावून सांगावा लागत नाही.

मला भुरळ घातली ती हिशेबाने. येथे पाणी लिटरांत मोजत नाहीत, वेळेत मोजतात. सुमारे अर्ध्या तासाची वाहती धार म्हणजे एक अथर. चोवीस अथरांचा एक बद्दा, म्हणजे अर्धा दिवस. पूर्वी दिवसा काठीच्या सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांच्या उदयावरून पाळी बदले. आता घड्याळ आहे. हे हिस्से वारसाने येतात, विकता येतात, भाड्याने देता येतात, मशिदीला दान करता येतात. काही अथर पाटाच्याच मालकीचे असतात. त्यांचा लिलाव होतो आणि त्या पैशातून गाळ काढणे, दुरुस्ती करणे चालते. म्हणजे दुरुस्तीनिधी कोणाकडे मागावा लागत नाही, तो मुळातच वेगळा काढलेला आहे. हिस्सा कितीही लहान होवो, वहीत नाव राहते आणि पाट फोडून कोणी आपले पाणी घरी नेत नाही.

आम्ही उतरलो ते घरही असेच. वारस अनेक. वाटणी केली असती तर एकेकाला एक भिंत आली असती, असे यजमान म्हणाला. म्हणून घर अखंड ठेवून अतिथिगृह केले. उत्पन्नातून आधी दुरुस्ती, मग हिश्श्याप्रमाणे वाटप. मी त्याला खोलात जाऊन विचारले: एखाद्याला पैशाची नड असेल तर? तेव्हा घरातलाच दुसरा कोणी त्याचा हिस्सा घेतो, आणि कोणी न घेतल्यास वर्षभर भांडण चालते, असे उत्तर आले. हे उत्तर मला खरे वाटले.

दुसऱ्या दिवशी जबल शम्सच्या कड्यावरून खोल दरी पाहिली. शिखर सुमारे तीन हजार मीटर, वारा बोचरा. छायाचित्रे मुलाने काढली आहेत.

आमचा वाडा पुढे पेढी आणि मागे घर, असा आजोबांच्या काळचा. नोंदीवर चौदा नावे. पाडून जागा विकावी, असे बहुतेकांचे ठरत आले होते. परतल्यावर मी बाकीच्या तेरा जणांना पत्रे घातली: विक्री दोन वर्षे थांबवावी, छपराचा खर्च हिश्श्याप्रमाणे करावा, पुढील भागाचे भाडे आधी दुरुस्तीकडे जावे. आजवर सहा उत्तरे आली. चौघांचा होकार, दोघांचा नकार. नकार देणाऱ्यांपैकी एका चुलतभावाच्या मुलीचे वैद्यकीय शिक्षण चालू आहे; त्याला पैसा आत्ता हवा आणि त्याचे म्हणणे रास्त आहे. त्याचा हिस्सा आम्हा तिघांनी मिळून घ्यावा काय, याचा आकडा मी मांडला आहे. दिवाळीला सर्व गावी जमणार आहेत, तेव्हा तो पुढे ठेवीन. संमतिपत्रावर माझी सही अद्याप झालेली नाही.