काटा, काठी आणि घड्याळ

लहान विमानात ज्या काट्यावर जीव टांगलेला असतो, त्याच काट्यावर कुणी भरवसा ठेवत नाही. उंचीमापक चुकू लागला की तो उतरवून दुरुस्तीला पाठवतात. इंधनाचा काटा डोलू लागला तर वैमानिक म्हणतो, ‘त्याचं काय, तो असाच आहे.’ मी विमान देखभाल अभियंता. मूळचा नांदेड जिल्ह्यातला. उमेदीची सगळी वर्षं बारामतीपासून लातूर-नांदेडपर्यंतच्या धावपट्ट्यांवर, सेस्नाच्या पंखाखाली मान वर करून गेली. या ‘असाच आहे’चं कोडं उलगडण्यात त्यातला बराच काळ खर्ची पडला.

काट्याचा दोष तसा फार नाही. सेस्ना १५२ च्या दोन्ही पंखांत एकेक टाकी असते. तिच्यात तारेच्या दांडीवर एक तरंगता फ्लोट. तो खालीवर झाला की विजेचा रोध बदलतो आणि पॅनेलवरचा काटा हलतो. टाकी लांबरुंद आणि उथळ. त्यामुळे पातळी बोटभर उतरली तरी कित्येक लिटर कमी झालेले असतात. विमान कललं, चढू लागलं, वळलं की इंधन एका अंगाला सरकतं आणि फ्लोट खोटी साक्ष देतो. हँगरमध्ये असं बोललं जातं की कायद्याने काटा फक्त शून्यावर खरा असला म्हणजे झालं. अमेरिकी नियमाचा हा अर्धवट अर्थ आहे. सरळ उड्डाणात, टाकीत फक्त वापरता न येणारं इंधन उरलं असेल तेव्हा काट्याने शून्य दाखवावं, असं तो नियम सांगतो. तळाशी असलेलं पण इंजिनापर्यंत न पोचणारं इंधन वैमानिकाने आपलं समजू नये, एवढाच त्याचा हेतू. बाकी वेळी काट्याने मनाला येईल ते सांगावं, अशी मुभा कोणत्याच नियमाने दिलेली नाही.

आमच्या भागात हा विषय जास्त टोचतो, त्याला कारण आहे. २०१७ च्या एप्रिलमध्ये उडान योजनेतून हैदराबाद-नांदेड सेवा सुरू झाली. अशा प्रवासी सेवेतल्या टर्बाइनच्या विमानांना एटीएफ, म्हणजे जेट इंधन लागतं. सेस्नाच्या पिस्टन इंजिनाला लागतं निळसर ॲव्हगॅस. ते आपल्याकडे बाहेरून यायचं. इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनवलेलं ॲव्हगॅस २०२२ मध्ये बाजारात आणलं. तरीही छोट्या धावपट्टीवर ते हमखास मिळेल असं नाही. त्यामुळे उडतानाच परतीचं इंधन सोबत घ्यायचं, हा मराठवाड्यातल्या छोट्या उड्डाणांचा जुना रिवाज आहे.

बारामतीला वैमानिक घडवणाऱ्या संस्था आहेत, म्हणून तिथून निघू. बारामती ते नांदेड सरळ रेषेत साधारण १६५ सागरी मैल. सेस्ना १५२ ताशी १०० नॉटने जाते आणि तासाला २३ लिटरच्या आसपास पिते. वारा नसेल तर जाऊन-येऊन तीन तास वीस मिनिटं. दिवसाच्या उड्डाणाला अर्ध्या तासाचा राखीव साठा नियमानेच ठेवावा लागतो. म्हणजे तीन तास पन्नास मिनिटांचं, सुमारे ८८ लिटर इंधन. साध्या टाक्यांत वापरण्याजोगं असतं जवळपास ९३ लिटर. कागदावर जमतं.

आता पावसाळ्यातला पश्चिमेचा २० नॉटचा वारा धरू. जाताना तो पाठीशी. नांदेडला एक तास बावीस मिनिटांतच चाकं टेकतात आणि शिकाऊ वैमानिकाचा चेहरा खुलतो: वाचलं की इंधन! परतताना तोच वारा तोंडावर येतो आणि दोन तासांवर चार मिनिटं लागतात. वारा जाताना जेवढा देतो, त्यापेक्षा जास्त येताना वसूल करतो, कारण विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं. हिशेब तीन तास सव्वीस मिनिटांवर गेला. राखीव अर्धा तास आणि इंजिन सुरू करून धावपट्टीपर्यंत जायला लागणारे तीनेक लिटर मिळवा; आकडा ९३ च्या पुढे जातो. म्हणजे टाक्या काठोकाठ भरूनही हा प्रवास होत नाही. पण ते कळायची वेळ येते नांदेडला नाही, परतीच्या वाटेवर.

यावर कंपनीने दिलेलं उत्तर म्हणजे लांब पल्ल्याच्या टाक्या. त्याच सेस्नात त्या बसवून घेतल्या की वापरण्याजोगं इंधन १४२ लिटर होतं, सहा तासांचं. वाटतं, प्रश्न मिटला. खरं तर इथूनच माझ्या कामाला तोंड फुटतं.

ॲव्हगॅस लिटरला ७२० ग्रॅम भरतं. १४२ लिटर म्हणजे १०२ किलो. विमानाचं जास्तीत जास्त वजन ७५७ किलो. रेडिओ वगैरे धरून रिकामं विमान ५१० च्या आसपास. उरले १४५. पंचाहत्तर-पंचाहत्तर किलोंची दोन माणसं बसली की पाच किलो जास्तच झाले, पिशवी तर अजून खालीच आहे. त्यात आपला उन्हाळा. लातूरची धावपट्टी समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांवर. मे महिन्यात पारा ४२ वर गेला की हवा इतकी विरळ होते, की विमानाला आपण साडेपाच हजार फुटांच्याही वर उभे आहोत असं वाटू लागतं. इंजिनाचा जोर घटतो, पंखांना धरायला हवा कमी पडते, धावपट्टी आखूड वाटू लागते. अशा वेळी शहाणा वैमानिक इंधन उतरवतो. मोठी टाकी असूनही ती भरत नाही. म्हणतो, ‘सर, एकशेवीसच ठेवा.’

पण एकशेवीस दिसतात कसे? झाकण उघडून डोळ्यांनी खात्रीने सांगता येईल अशी टाकीची एकच पातळी आहे: काठोकाठ. कडेपर्यंत इंधन चमकलं की वाद संपला. त्याच्या खालची प्रत्येक पातळी हा अंदाज आहे. साधी टाकी लहान म्हणून ती नेहमी भरली जाते, आणि भरलेली म्हणून तिच्याबद्दल शंका नसते. मोठी टाकी वजनापायी बहुतेक वेळा अर्धीमुर्धी राहते. टाकी वाढवली की पल्ला वाढतो. खात्री मात्र कमी होते. मापात शेकडा पाचाची चूक धरली तर साध्या टाक्यांत ती बारा मिनिटांची होते, मोठ्या टाक्यांत अठरा. राखीव अर्ध्या तासातली निम्म्याहून अधिक मिनिटं मोजण्यातच गेली.

लातूरकरांना हे वेगळं सांगायला नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, तेव्हा वाघिणींतलं पाणी लाखो लिटरांत मोजलं जात होतं. घरोघरी मात्र ड्रमात काठी बुडवून, ओल कुठवर आली ते बघून, पुढचा टँकर येईपर्यंत किती दिवस निघतील हे ठरत होतं. विमानाचंही अगदी असंच आहे. आमच्या हँगरमधले एक वयस्कर मदतनीस म्हणायचे, ‘साहेब, काटा काय बी सांगायलाय, काठी खरं बोलती.’

पण काठीलाही खरं बोलायला शिकवावं लागतं. विमान सपाट जागी घ्यायचं, पाणसळ लावून समतल करायचं, तिन्ही चाकांची हवा आणि पुढच्या स्ट्रटची उंची तपासायची. टाकी पूर्ण रिकामी करायची. आधी वापरता न येणारं इंधन टाकायचं. ते काठीवरचं शून्य. मग पाच-पाच लिटर ओतत, इंधन स्थिर होऊ देत, प्रत्येक वेळी काठी सरळ बुडवून खूण करायची. खुणा सारख्या अंतरावर येत नाहीत. पंखाचं पोट जिथे फुगीर तिथे त्या दाट होतात, वरच्या अंगाला विरळ. हे काम दुपारी उरकायचं नाही. ॲव्हगॅस काठीवरून बघता बघता उडून जातं आणि खूण दिसेनाशी होते. सकाळची वेळ, सावली आणि एकाच माणसाचा हात, एवढं सांभाळलं तर काठी चांगली होते.

काठी चांगली झाली की तिच्यावर विमानाचा क्रमांक लिहायचा. एकाच हँगरमध्ये एक सेस्ना साध्या टाकीची आणि शेजारची मोठ्या टाकीची असू शकते. बाहेरून दोघी जुळ्या बहिणी. पहिलीची काठी दुसरीत बुडवली तर ओल दिसेल, आकडाही मिळेल, आणि तो साफ चुकीचा असेल. म्हणून माझा दंडक असा, की काठी विमानातच राहील. ती हँगरच्या कोपऱ्यात ठेवलेली दिसली तर मी ती उचलून आधी क्रमांक वाचतो, मग बोलतो.

काठी जमिनीवरच उपयोगी. आकाशात तिसरा साक्षीदार लागतो, तो म्हणजे घड्याळ. १९२७ च्या मे महिन्यात चार्ल्स लिंडबर्गने न्यूयॉर्कहून पॅरिस गाठलं, तेव्हा त्याच्या विमानात पाच टाक्यांमध्ये मिळून ४५० गॅलन, म्हणजे सतराशे लिटर पेट्रोल होतं. मुख्य टाकी त्याच्या पुढ्यातच बसवलेली, त्यामुळे समोरचं दिसत नव्हतं. साडेतेहतीस तासांच्या त्या प्रवासात कोणत्या टाकीवर किती तास झाले, याच्या पेन्सिलच्या खुणा त्याने पॅनेलवर करून ठेवल्या. आपल्याकडे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला निघाले, तेव्हा वाटेत अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले. त्या डब्यांत एक मोठी सोय होती: किती ओतलं हे डबे मोजून कळायचं. मुंबईच्या आरोही पंडितने २०१९ मध्ये सायनस जातीच्या हलक्या विमानातून एकटीने अटलांटिक ओलांडला, तो स्कॉटलंड, आइसलंड, ग्रीनलंड, कॅनडा असे टप्पे घेत. पल्ला वाढवायचा दुसरा मार्ग हाच: वाटेत उतरायचं. यात वेळ जातो, पण प्रत्येक उतरण्यात टाकी पुन्हा भरते आणि शंकेचा हिशेब नव्याने शून्यापासून सुरू होतो.

टाक्या एकापेक्षा जास्त झाल्या की आणखी एक धोका येतो. इंधन असतं, पण पोचत नाही. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी गायक जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ पडला. त्याच्या लाँग-ईझी विमानाची टाकी बदलायची कळ, ते घडवणाऱ्याने डाव्या खांद्यामागे बसवली होती. इंधन दाखवणाऱ्या नळ्याही मागेच. त्या बघायला आरसा लागायचा. कळ फिरवायला वळलं की पाय नकळत पेडलवर दाब देणार, विमान वाकडं होणार. तपासातून हेच पुढे आलं. म्हणूनच कुणी केबिनमध्ये सीटच्या जागी जादा टाकी बसवायची म्हटलं, की मी लिटर विचारायच्या आधी कळ कुठे येणार हे विचारतो. हात सहज पोचत नसेल, खूण वाचता येत नसेल, तर ती टाकी इंधन वाहून नेते, उड्डाण लांबवत नाही.

मोजमापाला इथल्या हवेचे आपले गुण आहेत. ॲव्हगॅस दर अंश उष्णतेमागे हजारात एक भाग फुगतं. पहाटे काठोकाठ भरलेलं विमान उन्हात राहिलं की दहा-अकराच्या सुमारास पंखाखालच्या हवानळीतून थेंब गळू लागतात. शिकाऊ पोरं धावत येतात, ‘सर, लीक आहे!’ लीक नसते. टाकीत मावत नाही ते बाहेर येतं. तीच नळी कुंभारीण माशीने मातीने बुजवली, तर उलटं संकट. टाकीत हवा शिरत नाही, इंधन उतरत नाही, आणि काटा मात्र भरपूर दाखवत राहतो. पावसाळ्यात अर्ध्या टाकीतल्या ओल्या हवेचं पाणी होऊन तळाशी साचतं. म्हणून रोज सकाळी पंखाखालच्या ड्रेनमधून नमुना काढून उजेडात धरायचा: निळा दिसला पाहिजे, आणि तळाला बुडबुड्यासारखं काही नको.

आता नव्या विमानांत इंजिनाकडे जाणाऱ्या नळीतच एक छोटं चक्र असतं. ते इंधनाचा प्रवाह मोजतं आणि पडद्यावर दशांशापर्यंत आकडा येतो. पोरांना तो फार आवडतो. उपकरण चांगलंच आहे, पण त्याला टाकी दिसत नाही. सुरुवातीला किती होतं हे माणूसच त्याला सांगतो, आणि त्यातून ते वजाबाकी करत जातं. झाकण सैल राहून पंखावरून उडून गेलेलं इंधन त्याच्या हिशेबात कधी येतच नाही. दशांश दिसला म्हणून आकडा खरा होत नाही.

त्यामुळे माझ्या हाताखाली शिकणाऱ्यांना मी एकच रीत घालून दिली आहे. उड्डाणाआधी कागदावर तीन आकडे लिहायचे: काटा काय म्हणतो, काठी काय म्हणते, मागच्या उड्डाणांच्या तासांवरून घड्याळ काय म्हणतं. तिन्ही क्वचितच जुळतात. सरासरी काढायची नाही आणि सोयीचा निवडायचा तर नाहीच. सगळ्यात लहान आकडा खरा मानायचा आणि प्रवास त्याच्यावर बेतायचा. फरक पाच-सात लिटरांहून जास्त आला, तर विमान उभं ठेवून कारण शोधायचं. आणि लहान आकड्यात नांदेडहून परत येणं बसत नसेल, तर मोठ्या टाकीची चौकशी करण्याआधी नकाशा उघडून वाटेत कुठे ॲव्हगॅस मिळेल ते विचारायचं. एक फोन लागतो, एखादा तास जातो. त्याहून स्वस्त लांब पल्ल्याची टाकी अजून कुणी बनवलेली नाही.